परीक्षेच्या तोंडावर अभ्यासाची उमेद का खचते?

आपल्या सभागृहात संध्याकाळी अभ्यासिका चालते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेथे दहावीच्या मुलामुलींची इतकी गर्दी होते की सतरंज्या कमी पडतात. मात्र जानेवारी उजाडला की निम्मी जागा रिकामी दिसू लागते. परीक्षा जवळ येईल तशी गर्दी वाढायला हवी, पण घडते उलटेच. "पोरगं आळशी झालं," असे पालक म्हणतात. मला ते पटत नाही. आळशी मुलगा मुळात अभ्यासिकेत येईलच कशाला?

माझ्या मते खरे कारण भीती हे आहे. पूर्वपरीक्षेचे गुण हाती येतात आणि पुस्तक उघडले की किती राहिले आहे तेवढेच दिसते. न उघडले तर तेवढा वेळ बरे वाटते. म्हणून मूल पुस्तक टाळते. टाळल्यामुळे राहिलेला भाग वाढतो आणि त्याबरोबर भीतीही वाढते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. १९९६ साली मार्चच्या परीक्षेत मी स्वतः गणितात नापास झालो. दिवसभर बँकेत नोटा मोजणारा माणूस गणितात नापास झाला होता, हे ऐकून मुले हसतात. हसू द्यावे. त्या वेळी पुन्हा बसण्याची संधी ऑक्टोबरमध्ये असे. निकालानंतर कित्येक आठवडे मी पुस्तकाला हात लावला नाही. आमचे घर एका खोलीचे. आई चार घरची धुणीभांडी करून येई. तिला अक्षरओळख नव्हती. एके रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुझं ते गणित मला सांग बघू, काय असतं त्यात?" मी चिडूनच सांगू लागलो आणि मध्येच अडलो. नेमके कोठे अडतो ते मला त्या दिवशी प्रथम दिसले. मला सगळेच गणित येत नाही, ही माझी समजूत खोटी होती. येत नव्हते ते अवयव पाडणे. मग आठवडाभर तेवढेच केले. आई रोज रात्री विचारी आणि "हं, पुढं?" म्हणे. तिला त्यातले किती कळत होते कोण जाणे!

आईच्या त्या प्रश्नामागील शास्त्र मला फार उशिरा वाचायला मिळाले. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. म्हणजे काल वाचलेले आज आठवत नाही याचा अर्थ डोके नाही असा होत नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी की, आपल्या लक्षात राहील अशी अधिक खात्री वाचणाऱ्यांनाच होती. आपल्या मुलांचेही असेच होते. नोव्हेंबर-डिसेंबरात नुसते वाचून "सगळं येतं" असे वाटते आणि पूर्वपरीक्षेत तो फुगा फुटतो.

विद्यार्थी मित्रहो, "आज विज्ञान करायचे" हे काम नव्हे. ते कधी संपतच नाही. "प्रकाशाच्या अपवर्तनाचे दोन नियम पुस्तक मिटून लिहायचे," हे काम झाले. ते दहा मिनिटांत संपते, आणि संपलेल्या कामाने पुढच्या कामाला बळ येते. चुकलेले पुस्तकात पाहावे व दोन दिवसांनी पुन्हा लिहावे. मोबाईलविषयी मी येथे लिहीत नाही. त्यावर घरोघरी पुरेसे बोलले जाते.

गुणांबद्दलही एक सांगतो. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. परळच्या चाळीतील एका खोलीत दिवसा अभ्यासाला शांतता नसे, म्हणून वडील रामजी सुभेदार त्यांना मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उठवीत. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. आजही पुष्कळ घरांत हाच प्रश्न आहे. आणि नापास झाल्यास आता ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागत नाही. २०१५ पासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते.

गेल्या वर्षी एक मुलगा जानेवारीत यायचा बंद झाला. उद्या त्याच्या घरी जाऊ, परवा जाऊ, असे म्हणत मी गेलो नाही. मार्चमध्ये तो परीक्षेलाच बसला नाही. मी जाऊन फक्त "काय अडलं, सांग बघू" एवढे विचारले असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

या वर्षी जानेवारीपासून अभ्यासिका रात्री ११ वाजेपर्यंत उघडी राहील. ज्या आईवडिलांना शक्य असेल त्यांनी आठवड्यातून एक दिवस येऊन बसावे आणि मुले सांगतील ते ऐकावे. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. चावी माझ्याकडे असते.