चेतक पुन्हा दौडला!

बालमित्रांनो, महाराणा प्रतापांचा घोडा चेतक तुम्हाला ठाऊक आहेच. त्याचंच नाव घेऊन १९७२ साली बजाजची स्कूटर आली. रावेतशेजारच्या आकुर्डीची ही कंपनी! 'चेतक' मिळवायला लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. बाबा चालवताहेत, आई मागे आणि पुढ्यात उभा छोकरा, अशी अख्खी वरात तिच्यावरून निघे. रुसली, की तिला एका बाजूला कलती करायची आणि मारायची किक!

२००९ अखेर कंपनीने स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. पण २०२० च्या जानेवारीत चेतक परत आली, चक्क विजेवर चालणारी! पेट्रोल गेलं, किक गेली, धूर गेला. गोलसर घाट आणि पत्र्याचं अंग मात्र राहिलं.

असं का बरं? ओळखीचं रूप दिसलं, की आजोबांना तरुणपण आठवतं आणि नव्या यंत्राचं परकेपण कमी होतं. आठवणीही विकता येतात, हे जाहिरातवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, बरं का! म्हणून जुन्या वळणाची नवी वस्तू घेताना विचारा: ती कामाची आहे, की नुसतीच आठवणीची?

तुमच्या घरातली कोणती जुनी वस्तू पुन्हा यावी? आणि तिच्यातलं काय बदलावं? काढा पाहू चित्र!