सेंद्रिय पांढरी वाइन

सेंद्रिय पद्धतीने वाढविलेल्या द्राक्षांचा रस सालींपासून वेगळा करून यीस्टच्या साहाय्याने त्याचे किण्वन केले असता मिळणारे मद्य. यासाठी लागणाऱ्या द्राक्षांच्या लागवडीत संश्लेषित कवकनाशके, कीटकनाशके, तणनाशके व रासायनिक खते वर्ज्य असतात. प्रत्यक्ष निर्मितीतही ठराविक पदार्थच मर्यादित प्रमाणात वापरता येतात. या वाइनमधील अल्कोहॉलाचे प्रमाण घनफळाने साधारणपणे ११ ते १३ टक्के असते. रीस्लिंग, शार्दने, सोव्हिन्याँ ब्लां व शेनँ ब्लां या यूरोपातील थंड व समशीतोष्ण प्रदेशांत रुजलेल्या जाती तिच्यासाठी विशेष पसंत केल्या जातात. त्यांपैकी सोव्हिन्याँ ब्लां व शेनँ ब्लां या जाती महाराष्ट्रातही लावल्या जातात.

थंडी व अम्लता : द्राक्षात टार्टारिक व मॅलिक ही दोन प्रमुख अम्ले असतात. फळ पिकत असताना मॅलिक अम्ल श्वसनक्रियेत खर्च होते आणि उष्णता वाढेल तसा हा खर्चही वाढतो. ऱ्हाईन, मोझेल किंवा शँपेन यांसारख्या थंड प्रदेशांत रात्री गार असल्याने हे अम्ल टिकते. सुवासिक द्रव्येही कमी तापमानात अधिक टिकून राहतात. अम्लतेचे महत्त्व केवळ चवीपुरते नाही. ऑक्सिडीभवन व जंतू यांपासून वाइनचे रक्षण करण्यासाठी सल्फर डाय-ऑक्साइड वापरतात. पीएच मूल्य ३·० असताना त्याच्या मुक्त अंशापैकी सु. ६ टक्के भाग जंतुनाशक स्वरूपात असतो. तेच मूल्य ३·५ झाल्यास तो सु. २ टक्क्यांवर येतो. म्हणजे अम्लता घटली की तेवढ्याच रक्षणासाठी हे रसायन सु. तिप्पट घालावे लागते. यूरोपीय संघाच्या २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कोरड्या सेंद्रिय पांढऱ्या वाइनमध्ये त्याचे एकूण प्रमाण दर लिटरला १५० मिग्रॅ. पेक्षा अधिक असता कामा नये. सामान्य पांढऱ्या वाइनसाठी ही मर्यादा २०० मिग्रॅ. आहे. सेंद्रिय वाइनला थंड हवामान अनुकूल ठरते, ते यामुळेच.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती : अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेत मोडतो. जिल्ह्याचा सर्वांत उंच व थंड भाग अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, कळसूबाईच्या (१,६४६ मी.) परिसरात आहे, परंतु तेथील अतिवृष्टी द्राक्षवेलीस मानवत नाही. द्राक्षबागा आहेत त्या श्रीगोंदे, राहाता, संगमनेर अशा तुलनेने कोरड्या तालुक्यांत. त्यांत खाण्याच्या द्राक्षांचेच प्राबल्य आहे. त्यामुळे थंडी मिळवायची ती उंचीवरून नव्हे, तर ऋतूच्या निवडीतून. यूरोपात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातो. महाराष्ट्रात तो वर्षभर हिरवा राहतो. म्हणून येथे वर्षातून दोन छाटण्या करून एकच पीक घेतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतात. तिच्यामुळे येणाऱ्या काड्यांत घडांची निर्मिती होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर घड बाहेर पडतात व हिवाळ्यातील गार रात्रींत वाढून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान पिकतात. फळछाटणी लांबल्यास फळ मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते. साखर झपाट्याने वाढते, पण अम्ल उरत नाही.

खुंटाची निवडही महत्त्वाची असते. पाण्याची टंचाई व क्षारयुक्त जमीन यांमुळे महाराष्ट्रात डॉगरिज हा खुंट रूढ झाला. परंतु तो पोटॅशियम अधिक प्रमाणात शोषतो. हे पोटॅशियम टार्टारिक अम्लाशी संयोग पावून रसाचे पीएच मूल्य वाढविते. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांसाठी ११०-आर हा खुंट अधिक योग्य मानला जातो.

रोगनियंत्रण : केवडा व भुरी हे बुरशीजन्य रोग सेंद्रिय लागवडीतील सर्वांत मोठा धोका होत. फळछाटणीनंतर परतीचा किंवा अवकाळी पाऊस आल्यास केवडा कोवळ्या घडांवर पडतो व काही दिवसांत सर्व पीक जाऊ शकते. बोर्डो मिश्रण व गंधक वापरण्यास मुभा असली, तरी ताम्रयुक्त औषध पानाच्या पृष्ठभागावरच राहते, पावसाने धुऊन जाते आणि रोग शिरल्यावर तो बरा करीत नाही. शिवाय ताम्र जमिनीत साचत असल्याने यूरोपीय संघाने त्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किग्रॅ. अशी ठरविली आहे. म्हणून मांडव मोकळा ठेवणे, घडांजवळची पाने काढणे व रोगट भाग नष्ट करणे यांवर भर द्यावा लागतो. शेजारच्या बागेतील फवारा येऊ नये म्हणून मधे संरक्षक पट्टा ठेवतात. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार बहुवर्षायू पिकास रूपांतराचा तीन वर्षांचा काळ पूर्ण करावा लागतो. या काळात उत्पादनाची जोखीम असते, परंतु सेंद्रिय मालाचा भाव मिळत नाही.

निर्मिती : साखरेचे प्रमाण २०° ते २३° ब्रिक्स झाले की द्राक्षे रात्री किंवा पहाटे तोडतात व ऊन चढण्यापूर्वी कारखान्यात पोहोचवितात. देठ काढून द्राक्षे हलक्या दाबाखाली पिळतात. रस सु. १०° से. तापमानास रात्रभर ठेवून निवळवितात. नंतर यीस्ट घालून दुहेरी भिंतीच्या पोलादी टाक्यांत १२° ते १८° से. तापमानास दोन ते तीन आठवडे किण्वन होऊ देतात. किण्वनात उष्णता निर्माण होत असल्याने सतत शीतन आवश्यक असते. दर लिटरमधील सु. १७ ग्रॅ. साखरेपासून १ टक्का अल्कोहॉल बनते. किण्वन संपल्यावर साक्यावरून वाइन वेगळी करतात, बेंटोनाइट मातीने प्रथिने काढून टाकतात, शून्य अंशाच्या आसपास थंड करून टार्टारेटाचे स्फटिक खाली बसू देतात व गाळून बाटल्यांत भरतात. यूरोपीय सेंद्रिय नियमांत सॉर्बिक अम्लाच्या वापरास मनाई असल्याने स्वच्छतेवर अधिक विसंबावे लागते. [⟶ किण्वन, यीस्ट].

महाराष्ट्रातील विकास : जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे १९८०–९० या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ पांढरी वाइन तयार होऊ लागली. नासिक परिसरात २००० मध्ये सोव्हिन्याँ ब्लां व शेनँ ब्लां यांच्या वाइन बाजारात आल्या. पुढील वर्षी राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. पुण्याजवळील मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र (स्थापना १९९७) असून अहिल्यानगर जिल्ह्यातच राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ (स्थापना १९६८) आहे. थंड प्रदेशात निसर्ग जी अम्लता देतो, ती पठारावर छाटणीची वेळ, खुंट, पहाटेची तोडणी व शीतन यांद्वारे राखावी लागते. सेंद्रिय पद्धतीत तर राहिलेली उणीव भरून काढण्यास रसायनांचा आधार फारच थोडा असल्याने बागेत झालेली चूक कारखान्यात सहसा सुधारता येत नाही.