घरचा अर्क : विष कमी, तरीही जपून

कपाशीला पाते लागले की वडवणी तालुक्यात पाठीवरचे पंप बाहेर निघतात. आपल्यापैकी अनेकांकडे जमीन थोडी आहे, कित्येकांकडे मुळीच नाही. पण फवारणीचे काम आपल्याच माणसांच्या वाट्याला येते. रोजाने किंवा पंपामागे पैसे ठरतात, म्हणून घाई होते. तोंडाला उपरणे, अंगात जुना शर्ट, पाय उघडे. औषध कालवायला आणि पाणी आणायला घरची बाई असते. संध्याकाळी तोच शर्ट लेकरांच्या कपड्यांबरोबर धुतला जातो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरू नये. कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, दमट उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची सवय आणि अंगावर संरक्षण काहीच नाही. हेच सगळे आपल्याही शिवारात आहे.

म्हणून घरी करता येणाऱ्या अर्काची माहिती आम्ही देत आहोत. पण झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक, हा समज आधी सोडावा लागेल.

निंबोळी अर्क

परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस असलेला हा ५ टक्के अर्क सर्वांत सोपा आणि भरवशाचा आहे. जून-जुलैत झाडाखाली पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा कराव्यात. गर काढून बिया धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि गोणपाटाच्या पोत्यात ठेवाव्यात. बुरशी लागलेल्या बिया टाकून द्याव्यात.

१०० लिटर फवारणीसाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड करून ती १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्यातून पिळून गाळावी. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालावा आणि पाणी टाकून एकूण १०० लिटर करावे. १५ लिटरच्या एका पंपाला हिशेब ७५० ग्रॅम भरड आणि ३० ग्रॅम साबणाचा पडतो. परसातल्या वांगी-मिरचीला १ लिटर पुरेल. त्याला ५० ग्रॅम भरड आणि चिमूटभर साबण घ्यावा. साबणामुळे अर्क पानाला धरून राहतो. अर्क उकळू नये.

निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिन या द्रव्याने कीड पान खाणे सोडते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. म्हणजे कीड जागच्या जागी मरत नाही. दुपारपर्यंत किडी मेल्या नाहीत म्हणून वरून विषारी औषध मारू नये. चार दिवस वाट पाहावी. उन्हात हे द्रव्य लवकर निकामी होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि केलेला अर्क त्याच दिवशी संपवावा. गरज वाटल्यास आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि लहान अळ्या यांच्यावर सुरुवातीलाच मारले तर गुण येतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही. तिथे कृषी सहायकाचा सल्ला घ्यावा.

घरचे असले तरी विष

तंबाखूचे पाणी करण्याची रीत जुनी आहे. आमचे सांगणे, ती सोडावी. तंबाखूतले निकोटीन कातडीतूनही अंगात जाते. मळमळ, चक्कर, छातीत धडधड सुरू होते. दशपर्णी अर्कात कण्हेर, रुई, धोतरा हा पाला वापरतात. कण्हेर आणि धोतरा पोटात गेले तर जीवावर बेततात, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा बिघडतो. लसूण-मिरचीचा अर्क साधा वाटतो, पण वाऱ्याने उलटला की डोळे आणि घसा जळतो. कडुनिंबाचे तेल लहान मुलाला कधीही पाजू नये. त्याने उलट्या आणि झटके आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

तेव्हा अर्क कोणताही असो, भांडे, गाळणी आणि फडके वेगळे ठेवावे; स्वयंपाकाचे वापरू नये. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद पायताण घालावे. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. भाजी आधी तोडावी, मग फवारावे; पुढची भाजी धुऊनच शिजवावी. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत अर्क भरून ठेवू नये.

विकतचे औषध मारावेच लागले तर

डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. दुकानदाराने सांगितले म्हणून दोन औषधे एकत्र करू नयेत. फवारणीत तंबाखू, विडी किंवा भाकरी हाताला लावू नये. घरी येताच साबणाने अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, तोंडाला लाळ, खूप घाम, उलटी, दम लागणे, अंग थरथरणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा माणसाला लगेच शेताबाहेर आणावे, कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये, दूध-तूपही पाजू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. त्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून घरी झोपवून ठेवण्यात वेळ घालवू नये.

आणखी एक. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघताना उरलेली औषधे घरात ठेवून जाऊ नये. मागे म्हातारी माणसे आणि लेकरे असतात. निराशेच्या एका क्षणी हाताशी असलेली बाटलीही माणूस घेऊन जाते. औषध लागेल तेवढेच आणावे. ठेवावेच लागले तर कुलपात ठेवावे.

पुढच्या जूनमध्ये विहाराजवळच्या, रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बायाबापड्यांनी आणि पोरांनी मिळून निंबोळ्या वेचाव्यात. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईपर्यंत वस्तीपुरते एक-दोन पोते बी सहज वाळून तयार होते. त्याला पैसा लागत नाही, आणि त्यातून वाचलेली एकेक विषारी फवारणी म्हणजे पंप उचलणाऱ्या आपल्याच माणसाचा वाचलेला श्वास आहे.