कोकम सोडा

कोकम सोडा हे कोकमाच्या (गार्सिनिया इंडिका) सालीच्या गोड पाकात सोडावॉटर मिसळून केले जाणारे शीतपेय आहे. कोकण व गोव्यात ते उन्हाळ्यात घरी केले जाते.

कृती
पिकलेली फळे धुऊन बिया काढतात. साल व तिच्या सुमारे दुप्पट वजनाची साखर यांचे थर काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत देऊन ती काही दिवस उन्हात ठेवतात. साखर सालीतील रस ओढून घेते व लाल पाक सुटतो. यास अमृत कोकम म्हणतात. फळ आम्लधर्मी असल्याने तांब्या-पितळेची भांडी टाळतात. पेल्यात एक भाग पाक, चिमूटभर मीठ व जिरेपूड घेऊन चार ते पाच भाग थंड सोडा हळूहळू ओततात.

शास्त्रीय आधार
सोड्यातील बुडबुडे दाबाखाली विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असतात. थंड पाण्यात हा वायू अधिक टिकतो. खाण्याचा सोडा घातल्यासही फेस येतो; मात्र आम्लाचे उदासिनीकरण होऊन आंबटपणा कमी होतो.

खबरदारी
यीस्ट घालून फळांचा रस बंद बाटलीत आंबवल्यासही वायू तयार होतो, परंतु वाढत्या दाबाने काचेची बाटली फुटून इजा होऊ शकते. शिवाय अशा पेयात अल्प प्रमाणात मद्यार्क निर्माण होतो.