मैफल संपली तरी कान वाजतच राहतो

परभणीहून मुंबईला एखाद्या रॉक मैफलीला जायचे म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. संध्याकाळी स्टेशनवर जमायचे, देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचे आणि मैफल आटोपली की परत तसेच यायचे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाले. त्याच वर्षी ८ आणि ९ मार्चला महालक्ष्मी रेसकोर्सवरील ‘लोलापलूझा’ महोत्सवात ग्रीन डे वाजवून गेले. अशा कार्यक्रमांना मोठ्या शहरांतलीच मुले जातात, हा समज आता जुना झाला. शिक्षणासाठी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात राहिलेली मराठवाड्यातली मुलेही हे संगीत ऐकतात आणि सुट्टीत गावी आली की त्यावर तावातावाने बोलतात.

या गप्पांचा साचा ठरलेला असतो. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ मोठा की पर्ल जॅमचा ‘टेन’? दोन्ही १९९१चे, त्यामुळे वाद मिटत नाही. रेडिओहेडच्या ‘ओके कंप्युटर’नंतर तसे काही झालेच नाही, असे कोणीतरी ठासून सांगतो. लिंकिन पार्कचा ‘हायब्रिड थिअरी’ शाळेत असताना ऐकला म्हणून आजही तोच सर्वांत जवळचा, असे दुसरा कबूल करतो. मग कोण कोणत्या मैफलीला गेला होता, किती पुढे उभा होता, याचा हिशेब सुरू होतो. आणि शेवटी एक वाक्य हमखास येते : ‘‘काय आवाज होता! दोन दिवस कान वाजत होते.’’

हे वाक्य कौतुकाने म्हटले जाते. पण तेच कान-नाक-घसा तज्ज्ञासमोर म्हटले, तर तो लक्षण म्हणून लिहून घेईल.

कानात नेमके काय होते, ते पाहू. कानाच्या पडद्यामागे, आतल्या बाजूला, गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला एक इवलासा अवयव असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात द्रव असतो आणि त्या द्रवाच्या लाटांवर हलणाऱ्या सुमारे १६ हजार केशपेशी असतात. आवाजाचे कंपन या पेशी विजेच्या संदेशात बदलतात आणि श्रवणतंतू तो मेंदूकडे नेतो. सोळा हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात, त्यापुढे कानाची ही पुंजी अगदीच तुटपुंजी. शिवाय ती एकदाच मिळते. कोंबडीच्या पिल्लाच्या केशपेशी मेल्या तर नव्या उगवतात, हे १९८० च्या दशकात संशोधकांना आढळले. माणसाच्या कॉक्लियात ही सोय नाही.

मोठ्या आवाजाने या पेशी थकतात. त्यांच्या टोकावरचे केसासारखे तंतू वाकतात, पेशींचा आणि मज्जातंतूंचा रासायनिक व्यवहार बिघडतो. त्यामुळे मैफलीतून बाहेर पडल्यावर सोबतच्या माणसाचे बोलणे कापूस घातल्यासारखे ऐकू येते आणि कानात शीळ वाजत राहते. या शिळेला वैद्यकात टिनिटस किंवा कर्णनाद म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत एक-दोन दिवसांत ऐकू येणे पूर्ववत होते आणि माणूस निर्धास्त होतो. डॉक्टरही बराच काळ असेच मानत होते की, ऐकण्याची पातळी परत आली म्हणजे कान बरा झाला.

अमेरिकेतील शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये या समजुतीला धक्का दिला. त्यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. पातळी जेमतेम मैफलीतलीच. उंदरांचे ऐकणे काही दिवसांत पूर्ववत झाले, केशपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशी आणि श्रवणतंतू यांच्यातल्या जोडण्या मोजल्या तेव्हा काही भागांत निम्म्याच्या आसपास जोडण्या कायमच्या तुटलेल्या आढळल्या. म्हणजे तपासणीचा कागद ‘सर्व ठीक’ म्हणत होता आणि आतली तार तुटलेली होती. माणसांत हे किती प्रमाणात घडते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, कारण जिवंत माणसाच्या कानातल्या या जोडण्या मोजता येत नाहीत. पण शांत खोलीत सगळे ऐकू येते आणि लग्नाच्या मांडवात समोरच्याचे बोलणे समजत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसांचे कोडे या शोधामुळे थोडे उलगडू लागले आहे.

मग मोठाच आवाज का हवा असतो? ‘तरुणांचा आडदांडपणा’ असे उत्तर वडीलधारी मंडळी देतील, पण ते अपुरे आहे. ब्रिटिश संशोधक नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी २००० मध्ये एक वेगळीच शक्यता मांडली. आतल्या कानात ऐकण्याच्या यंत्रणेशेजारी तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यातला सॅक्यूल नावाचा भाग साधारण ९० डेसिबलच्या पुढचा, खर्जाकडचा आवाजही टिपतो, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. झोपाळ्यावर किंवा जत्रेतल्या पाळण्यात जो गोड गोळा पोटात येतो, त्याच्या जवळची संवेदना मोठ्या आवाजातले संगीत देत असावे, असा त्यांचा तर्क. हा तर्क खरा असेल तर ड्रमचा ठोका ‘छातीत’ लागतो म्हणणारा रसिक अतिशयोक्ती करत नाही. त्याला मिळणारा आनंद खरा आहे, म्हणून नुसते ‘आवाज कमी करा’ म्हणून भागत नाही.

डेसिबलचा हिशेबही समजून घ्यायला हवा, कारण तो नेहमीच्या बेरजेसारखा चालत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने दिवसाला ८ तास ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असे करत १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. मैफल १०० डेसिबलच्या सरासरीने दोन तास चालली, तर श्रोत्याच्या कानाला एका संध्याकाळी दिवसाच्या मर्यादेच्या आठपट आवाज मिळाला. वर्षातून एकदा असे झाले तर बहुतेकांचा कान सावरेल. पण परभणी जिल्ह्यातल्या तरुणाचा कान फक्त मैफलीत मोजून चालत नाही. सुगीत सोयाबीनच्या मळणी यंत्रापाशी घालवलेले दिवस, ट्रॅक्टरवरचे तास, जिनिंगमधली पाळी, मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढचा नाच आणि एसटीच्या प्रवासात इंजिनाच्या वर चढवलेला इअरफोनचा आवाज, हे सगळे एकाच खात्यात जमा होते. ते गिटारचे आहे की मळणी यंत्राचे, याने कानाला फरक पडत नाही.

अल्बमची निर्मितीही यात हातभार लावते. गेल्या काही दशकांत अनेक अल्बम इतके दाबून ध्वनिमुद्रित झाले की हळू आणि मोठ्या जागांतले अंतरच संपले. रेड हॉट चिली पेपर्सच्या १९९९ च्या ‘कॅलिफोर्निकेशन’वर चाहत्यांनीच ही टीका केली. चवीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी गाण्यात शांत जागा नसल्या की कानालाही उसंत मिळत नाही.

आवाजाने होणारे नुकसान आधी ४ हजार हर्ट्झच्या आसपास दिसते. तपासणीच्या आलेखात तिथे एक खाच पडते. या उंच पट्ट्यात स, श, फ यांसारखी व्यंजने असतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. ‘सात’ म्हटले की ‘हात’ ऐकू येते. घरातले लोक ‘लक्षच देत नाही’ म्हणून चिडतात आणि माणूस टीव्हीचा आवाज वाढवत राहतो. हे एका रात्रीत होत नाही, म्हणूनच चाळिशीत उमगते तेव्हा त्याचा संबंध विशीतल्या मैफलींशी कोणी जोडत नाही.

कलाकारांनी मात्र तो जोडला आहे. ‘द हू’ या बँडचे नाव एकेकाळी जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात होते. त्याचे गिटारवादक पीट टाउनशेंड पुढे आपल्या बिघडलेल्या कानांबद्दल उघडपणे बोलत राहिले. श्रोत्यांच्या कानांना धोका नको म्हणून गिनेसने नंतर हा विक्रमच बंद केला. कोल्डप्लेचा गायक क्रिस मार्टिन यानेही आपल्याला कर्णनाद असल्याचे आणि आता कानांना संरक्षण घेतल्याशिवाय गात नसल्याचे सांगितले आहे. १९९१ च्या ‘लव्हलेस’मुळे पंथच निर्माण झालेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडने २००८ मध्ये पुन्हा मैफली सुरू केल्या, तेव्हा प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे वाटले जात होते. म्हणजे इतक्या कर्कश वादनासाठी प्रसिद्ध असलेल्या मैफलीतही कान झाकून ऐकण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे आवाजाचा प्रश्न आला तो शेजाऱ्याच्या बाजूने. मुंबईत धोबी तलावजवळचे रंगभवन हे रॉक रसिकांचे एकेकाळचे माहेरघर. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे भरायचा. पण भोवती कामा आणि जी. टी. ही रुग्णालये आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरते. त्यात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. रंगभवनातल्या मोठ्या आवाजाच्या मैफली त्यामुळे थांबल्या. जुने चाहते अजून हळहळतात, पण रुग्णाच्या बाजूने पाहिले तर नियम योग्यच होता. मात्र हे नियम परिसरासाठी आहेत. ध्वनिक्षेपकासमोर पैसे देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचा विचार त्यांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये मैफली आणि क्लबांसाठी मानक जाहीर केले, ते नेमके या माणसासाठी. त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजावा, श्रोत्यांना कानाचे संरक्षण मिळावे आणि थोडा वेळ बसायला शांत जागा असावी, असे सांगितले आहे. आपल्याकडच्या आयोजकांनी तिकिटाच्या किमतीतच दोन बोळे दिले, तर खर्चाने त्यांचे दिवाळे निघणार नाही.

या बोळ्यांचा उपयोग किती, याचीही चाचणी झाली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममधील एका खुल्या संगीत महोत्सवात संशोधकांनी ५१ स्वयंसेवकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला बोळे दिले, दुसऱ्याला नाही. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. नंतर तपासणी केली तेव्हा बोळे न घातलेल्यांत ४२ टक्के कानांचे ऐकणे तात्पुरते कमी झाले होते, घातलेल्यांत ८ टक्के. कर्णनाद झाला तो ४० टक्के विरुद्ध १२ टक्के लोकांना.

चाहत्यांचा आक्षेप असतो की बोळे घातले की गाणे घोंगडीखालून ऐकल्यासारखे वाटते. साध्या फोमच्या बोळ्यांबाबत ही तक्रार खरी आहे, कारण ते उंच स्वर जास्त अडवतात. संगीतकारांसाठी गाळणी असलेले बोळे मिळतात. ते सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करतात, पण महाग पडतात. वर्षातून एखाद्या मैफलीला जाणाऱ्याला फोमचेही चालतील. बोटांनी ते बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. बाहेर अर्धवट लटकणारा बोळा काही कामाचा नाही, आणि कापसाचा बोळा तर जवळपास निरुपयोगीच. ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहावे, मधल्या वेळेत मैदानाच्या कडेला जावे. लहान मुलाला खांद्यावर बसवून पुढे नेणाऱ्यांनी आधी त्याच्या कानांवर मोठे संरक्षक कर्णकवच चढवावे.

मैफलीनंतर कान वाजत असेल तर पुढचे एक-दोन दिवस इअरफोन बाजूला ठेवावेत. कोमट तेल घालू नये. बिघाड आतल्या कानात असतो, तेल तिथे पोहोचतच नाही. दोन दिवसांनीही शीळ किंवा बधिरपणा राहिला, तर तज्ज्ञाला दाखवावे. आणि एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर दोन दिवसही थांबू नये. अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता जास्त असते आणि उशीर झाला की ती घटते.

कान ठीक असतानाही एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. ही तपासणी न दुखणारी, साधारण अर्ध्या तासाची असते. यंत्र असलेल्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ती होते. विशीतला तो आलेख जपून ठेवावा. पुढे कधी तक्रार घेऊन गेले, तर तुलनेसाठी डॉक्टर आधी जुना कागद आहे का, असेच विचारतात.