झाड गेले, बुडखा राहिला



झाड पडले की चार माणसे आपणहून धावून येतात. खोडाला गिऱ्हाईक मिळते, फांद्या चुलीला जातात, माड असेल तर झावळ्यांच्या हिरांचे खराटे होतात. जमिनीत उरलेल्या बुडख्याला मात्र कोणी वाली नसतो. नांगराचा फाळ त्याला अडतो, अंधारात पाय ठेचकाळतो, पावसाळ्यात त्याच्यावर अळंबी उगवते आणि घरधनी दरवर्षी म्हणतो, "यंदा याला काढूच."

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाली दापोलीपर्यंतच्या वाड्यांमधले माड, पोफळी, आंबे, फणस त्यात आडवे झाले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याला झोडपले. काही झाडे मुळासकट उपटली गेली, काही कमरेतून मोडली. मोडलेल्या झाडांचे बुडखे वाडीतच राहतात. वाडी म्हणजे काही मोकळे रान नव्हे. घर, विहीर, गडगा, पाण्याचे पाट आणि दाटीने लावलेली झाडे. तिथे जेसीबी आणायचा म्हटला, तर एक बुडखा काढायला गडगा पाडावा लागतो आणि वाटेतल्या दोन जित्या पोफळींची मुळे तुडवली जातात ती वेगळीच.

राहिला बुडखा तर काय बिघडते, असे कोणी विचारील. बांधावरच्या, उताराच्या किंवा विहिरीच्या काठच्या बुडख्याचे काही बिघडत नाही. उलट त्याची मुळे माती धरून ठेवतात, तेव्हा तो तिथेच असू द्यावा. साग तोडला असेल तर बुडख्याला फुटवे येतात आणि त्यांतला एक जोमदार ठेवला तर पुन्हा झाड उभे राहते. सुबाभूळ आणि निलगिरी यांचीही तीच तऱ्हा. पण माडाची गोष्ट निराळी. माडाला फुटवा नाही. त्याचा बुडखा फक्त कुजतो, आणि कुजलेल्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या पांढऱ्या, जाड, वळलेल्या अळ्या आत महिनोन् महिने पोसल्या जातात. भुंगा बाहेर पडला की शेजारच्या जित्या माडाच्या सुईत शिरतो, न उलगडलेले पान पोखरतो. मग ते पान उलगडले की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. लहान रोपाचा कोंबच खाल्ला गेला तर रोप मरते. म्हणजे वादळाने नेलेल्या माडाचा बुडखा, त्याच्या जागी लावलेल्या नव्या माडाचा वैरी होऊन बसतो. म्हणूनच बुडखे काढण्याविषयी आज बोलायचे.

जुने उपाय तुम्हांला माहीतच आहेत. चोहोबाजूंनी खणायचे, कुऱ्हाडीने मुळे तोडायची, पहारीने हलवायचे. काम पक्के होते, पण मोठ्या आंब्याच्या बुडख्यापाठी दोन गडी किती दिवस अडकतील ते सांगवत नाही. दुसरा उपाय जाळण्याचा. बुडखा वरून विझलेला दिसतो आणि आतल्या मुळातून धुमसत राहतो; गवताच्या वैरणीजवळ हा खेळ नको. काही जण जळके ऑइल किंवा आम्ल ओततात. तसे करू नये. बुडखा जायचा तेव्हा जाईल, पण ते औषध पाझरून विहिरीत उतरेल.

आता यंत्राकडे वळू. बुडखा कुटणारी मोठी, चाकांवरची यंत्रे अमेरिकेत १९५० च्या दशकापासून आहेत. त्यांचेच धाकटे भावंड म्हणजे चेनसॉच्या इंजिनावर चालणारे यंत्र. चेनसॉ, म्हणजे लाकूड कापण्याचे पेट्रोलचे मशीन, आता बहुतेक गावांतून लाकूडतोड्यांकडे असते. त्याची पट्टी आणि साखळी काढून इंजिन एका सांगाड्यावर बसवतात. सांगाड्याच्या पुढच्या टोकाला पोलादी चाक असते, त्याच्या कडेला टंगस्टन कार्बाइडचे कठीण दात. इंजिनाची गती पट्ट्याने चाकाला मिळते. विळीच्या खवणीवर आपण नारळ खवतो ना, तसे हे चाक बुडखा खवते. यंत्र बुडखा उपटत नाही, वरून खाली त्याचा भुगा करीत जाते. चिंचोळ्या बेड्यातून ते आत नेता येते, गडग्यावरून दोघांना उचलून पलीकडे ठेवता येते. वाडीसाठी त्याची खरी किंमत हीच.

मात्र कोणत्याही चेनसॉचे इंजिन याला चालत नाही. साधारण ७० ते ९० घनसेंटीमीटरचे इंजिन लागते. फांद्या छाटण्याचे लहान मशीन याला जुंपले तर ते तापून बसेल. आणि गावच्या वेल्डिंगवाल्याकडून चाक जोडून घेण्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरावा. हजारो फेऱ्यांनी फिरणारे चाक नीट तोललेले नसेल, त्यावर आच्छादन नसेल, तर सुटलेला दात बंदुकीच्या गोळीसारखा जातो. त्या इंजिनासाठीच बनवलेला जोड घ्यावा.

काम कसे करायचे? आधी बुडखा साध्या चेनसॉने जमिनीलगत कापून घ्यावा. जे लाकूड एका कापात जाते ते खवत बसणे म्हणजे पेट्रोल उधळणे. मग भोवतालची माती फावड्याने ओढून दगड वेचून काढावेत. कोकणात हे काम सर्वांत महत्त्वाचे. कार्बाइड कठीण खरे, पण ठिसूळ; जांभ्या दगडाचा एक खडा लागला की दाताचा टवका उडतो. किनाऱ्याच्या पुळणीत दगड नाहीत, पण वाळू दात झिजवते. बुडख्यात जुनी तार किंवा खिळे आहेत का तेही पाहावे, कारण वाडीतल्या कित्येक झाडांना कुंपणाच्या तारा ठोकलेल्या असतात. खालून पंपाची केबल किंवा पाण्याचा नळ गेलेला नाही, याची घरच्या वडीलधाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी.

चाक पूर्ण गतीत आल्यावरच लाकडाला लावायचे, आणि मधोमध न घुसवता कडेपासून सुरुवात करायची. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलवत, एका वेळी बोटभर खाली जायचे. दाबायचे नाही. इंजिनाचा आवाज बसका झाला की समजावे, आपण घाई करतो आहोत. माडाच्या बुडख्यात आणखी एक कटकट असते. त्याचे तंतू लांब निघतात आणि चाकाला गुंडाळतात. ते काढताना इंजिन बंद हवे, चाक थांबलेले हवे आणि स्पार्क प्लगची टोपी काढलेली हवी. "नुसते एक बोट लावतो" म्हणून हात घालणाऱ्याचे बोट जाते.

अंगावर काय असावे, हे जरा आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे हे काम बनियनवर आणि अनवाणी करणारे पुष्कळ. लुंगी, सैल धोतर, गळ्यातला गमछा यांपैकी काही नको. पायांत जाड बूट, डोळ्यांना बंद चष्मा आणि वर तोंडाची जाळी. या इंजिनाचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. कानांत कापसाचे बोळे घालून भागत नाही, कानावरचे टोपण पाहिजे. बघ्यांना, विशेषतः मुलांना, पन्नास फुटांच्या आत येऊ देऊ नये. कंपनाने हाताला मुंग्या येऊ लागल्या की थांबावे. पेट्रोल भरायचे ते इंजिन थंड झाल्यावर आणि पातेऱ्यापासून दूर. हे इंजिन टू-स्ट्रोक असते, तेव्हा पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. बऱ्याच यंत्रांना एका लिटरला २० मिलिलिटर लागते, पण पुस्तिकेत लिहिले असेल ते प्रमाण धरावे. तेल विसरले तर इंजिन जाम होते.

किती खोल जायचे? नुसते अंगण सपाट करायचे तर चार ते सहा इंच पुरे. नांगर चालवायचा असेल तर आणखी खाली जावे. पण त्याच खड्ड्यात नवा माड लावायचा बेत असेल, तर या यंत्राच्या भरवशावर राहू नका. माडाला सोटमूळ नसते. बुंध्याच्या गड्ड्यातून शेकडो मुळे फुटलेली असतात आणि तो गड्डा खोल असतो. यंत्र वरचा भाग खवते, खालचा तसाच कुजतो. तिथे खणूनच काढावे, नाहीतर जुन्या जागेपासून बाजूला, इतर माडांपासून साडेसात मीटर अंतर सांभाळून नवा खड्डा घ्यावा.

आता भुग्याचे. बुडख्यापेक्षा त्याचा ढीग कितीतरी मोठा दिसतो, आणि तो त्याच खड्ड्यात लोटून देण्याची सवय आहे. दोन पावसांत तो कुजून खचतो, पुन्हा खळगा पडतो. शिवाय मातीत मिसळलेला ताजा भुगा कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि वर लावलेली भाजी पिवळी पडते. खड्डा मातीनेच भरावा. भुगा झाडांच्या आळ्यांत वरवर, पातळ पसरावा, ओल टिकते. माडाच्या भुग्याला मात्र ढीग करून कोपऱ्यात ठेवू नये. गेंड्या भुंग्याला बुडखा काय, शेणखताचा उकिरडा काय आणि भुश्शाचा ढीग काय, सारखेच. बुडखा काढला आणि ढीग ठेवला, तर आपण त्याला फक्त नवे घर बांधून दिले. उन्हात पसरून वाळवावा, सुकला की जाळणास वापरावा. उकिरड्यात अळ्या आढळल्या तर मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी त्यांच्यावर वापरतात. तिची चौकशी कृषी सहायकाकडे किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात करता येईल.

एका घरासाठी हे यंत्र घेणे परवडणारे नाही; तीन बुडखे काढून ते पडवीत गंजत पडेल. वाडीतल्या दहा-बारा घरांनी मिळून घेतले, किंवा चेनसॉ चालवणाऱ्या एखाद्या जाणत्या गड्याने घेऊन ते बुडख्यामागे दर लावून फिरवले, तर जमते. आंबा, फणस, साग अशी झाडे तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, हे ध्यानात असू द्या. बुडख्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असेल, तर तपासणी होईपर्यंत त्याला यंत्र लावू नये.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेच्या आवारातला बुडखा काढायचा असेल तर सुट्टीच्या दिवशी काढा, पण आदल्या दिवशी वर्ग तिथे न्या. सागाचा असेल तर मुलांना वर्तुळे मोजू द्या. शेजारी माडाचा तुकडा ठेवा. त्यात वर्तुळे सापडणार नाहीत, नुसते ठिपके दिसतील, कारण माड एकदल आहे, गवताच्या आणि बांबूच्या नात्यातला. मग माडाचे वय कसे ओळखायचे, असे कोणी विचारलेच, तर त्याला खोडावरचे पानांचे वण दाखवा आणि आजोबांना विचारून यायला सांगा.