विष उजेडात आणणारे रेणू

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावात १९५० च्या दशकात मांजरे झिंगल्यासारखी तोल जाऊन पडू लागली. पाठोपाठ माणसांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी अंधुक झाली, वाचा अडखळू लागली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे लोकांच्या पोटात गेला होता. पण सरकारने हे कारण मान्य करेपर्यंत १९६८ साल उजाडले. अधिकृत मान्यता मिळालेल्या रुग्णांचीच संख्या २,२०० हून अधिक आहे. उपसागराचे पाणी मात्र या साऱ्या काळात नेहमीसारखेच दिसत होते.

हे अदृश्यपण किती सूक्ष्म आहे, ते एका हिशेबावरून ध्यानात येईल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर घेतले, तर त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम! एवढे अल्प प्रमाण मोजणारी यंत्रे आहेत. परंतु ती महाग असतात, त्यांना प्रशिक्षित हात लागतात आणि नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. उत्तर नदीकाठीच मिळावे, यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी प्रतिदीप्तीचा, म्हणजेच फ्लुरोसन्सचा आधार घेतला.

ही प्रतिदीप्ती आपल्या परिचयाची आहे. बँकेतील रोखपाल नोट अतिनील दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यावरील क्रमांक आणि कागदातील तंतू उजळतात, ते तिच्यामुळेच. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या आविष्काराची उकल केली आणि फ्लुओराइट या खनिजावरून त्याला नाव दिले. रेणू अतिनील किरण शोषतो, त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो, थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावतो आणि उरलेली काही नॅनोसेकंदांत दृश्य प्रकाश म्हणून परत करतो. गंमत अशी, की ट्यूबलाइटच्या नळीतील पांढरा लेप उजळतो तोही पाऱ्याच्याच वाफेतून निघणाऱ्या अतिनील किरणांनी.

विषाच्या शोधासाठी हा मार्ग सोयीचा का? भर दुपारी काजवा दिसत नाही, अमावस्येच्या रात्री दिसतो. प्रतिदीप्ती काळोख्या पार्श्वभूमीवर पाहिली जात असल्याने मोजके रेणूही नजरेत भरतात. प्रश्न उरतो तो काजव्याने नेमके पाऱ्यालाच पाहून पेटावे किंवा विझावे, हा.

२००४ मध्ये जपानमधील अकिरा ओनो आणि हुमिका तोगाशी यांनी यासाठी डीएनएचा उपयोग केला. डीएनएच्या साखळीतील थायमीन या घटकाची जोडी एरवी अ‍ॅडेनीनशी जमते. मात्र पाऱ्याचा आयन दोन थायमीनच्या मधोमध बसून त्यांनाच एकमेकांशी बांधतो. या संशोधकांनी थायमीनयुक्त साखळीच्या एका टोकाला चमकणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारा रेणू जोडला. पारा येताच साखळी केसांच्या चिमट्यासारखी दुमडते, दोन्ही टोके जवळ येतात आणि प्रकाश मंदावतो.

युक्ती सुंदर आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. प्रकाश मंदावण्याची कारणे अनेक असू शकतात. म्हणून विझणाऱ्या दिव्यापेक्षा पेटणारा दिवा अधिक विश्वासार्ह ठरतो. २००५ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी रोडामाइन कुळातील रंगद्रव्यापासून असा दिवा घडवला. (याच कुळातील गुलाबी रंग खाद्यपदार्थांत वापरण्यास आपल्याकडे मनाई आहे.) या रेणूतील एक कडे बंद असताना तो रंगहीन आणि निस्तेज असतो. पाऱ्याला गंधकाची मोठी ओढ. रेणूत मुद्दाम बसवलेले गंधक पारा हिसकावून घेतो, त्या ओढाताणीत कडे उघडते आणि द्रावणाला रंग व तेज दोन्ही येतात. अर्थात ही क्रिया उलट फिरत नाही. एकदा वापरलेला रेणू पुन्हा कामास येत नाही.

यानंतर अशा शोधक पदार्थांची रीघ लागली. अर्धवाहकांचे पुंजबिंदू आले, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र चौकटी आल्या. पुंजबिंदूंच्या संशोधनाला २०२३ चे आणि या चौकटींच्या संशोधनाला २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तरीही शोधनिबंधांची संख्या आणि नदीकाठी प्रत्यक्ष वापरात असलेली साधने यांचा मेळ बसत नाही. याचे कारण पाण्यातच आहे. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात पारा एकटा असतो. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्यातून उतरलेली सेंद्रिय द्रव्ये असतात आणि ती अतिनील प्रकाशात स्वतःच निळसर चमकतात. काजव्याभोवतीची अमावस्या तिथेच संपते. त्यात गढूळपणा, क्षार, तांब्यासारखे दुसरे धातू यांची भर पडते. शिवाय अनेक शोधक रेणू पाण्यात धड विरघळतच नाहीत, त्यासाठी अल्कोहोलसारखे द्रावक मिसळावे लागते.

याहून मोठी अडचण मिनामाताशी निगडित आहे. बहुतेक शोधक रेणू पाण्यात विरघळलेला अकार्बनी पारा ओळखतात. मिनामातातील लोकांच्या शरीरात गेले ते मिथिल पारा हे सेंद्रिय संयुग, आणि तेही माशांच्या प्रथिनांना घट्ट चिकटलेले. ते सोडवून घेण्यासाठी माशाच्या मांसावर आधी रासायनिक प्रक्रिया करावी लागते, आणि त्यासाठी नमुना पुन्हा प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.